पाइप जोडलेल्या स्क्रिप्टमधील पृच्छा

पाइप जोडलेल्या स्क्रिप्टमधील पृच्छा हा युनिक्स, लिनक्स, मॅकओएस आणि तत्सम संचालन प्रणालींवर स्क्रिप्ट लिहिताना उद्भवणारा एक नेहमीचा प्रश्न आहे. एखादी स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोग्रामकडून पाइपद्वारे माहिती घेत असते आणि त्याच वेळी तिला वापरकर्त्याला काही विचारावयाचे असते. अशा प्रसंगी उत्तर कोठून वाचावे, असा हा प्रश्न आहे. वाचनाच्या आज्ञा सामान्यतः प्रमाण आदानातून वाचतात. परंतु येथे प्रमाण आदान कळफलकाशी जोडलेले नसून पाइपशी जोडलेले असते. त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून माहितीचीच पुढील ओळ वाचली जाते आणि वापरकर्त्याला उत्तर देण्याची संधीच मिळत नाही. प्रश्न 'ही फाइल पुसून टाकू का?' अशा स्वरूपाचा असेल, तर न दिलेली संमती दिल्याचे गृहीत धरले जाऊन फाइली नष्ट होण्याचा संभव असतो.

यावरील प्रचलित उपाय म्हणजे माहिती पाइपमधून वाचणे आणि उत्तर थेट नियंत्रक टर्मिनलमधून वाचणे हा होय. त्यासाठी '/डेव्ह/टीटीवाय' ही विशेष फाइल वापरली जाते. आज्ञा आणि फाइलींची नावे प्रत्यक्ष टंकताना रोमन लिपीत लिहावी लागतात. या लेखात ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

पार्श्वभूमी

युनिक्स प्रणालीचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत इ.स. १९६९ च्या सुमारास झाला. त्या काळी संगणकाशी संवाद साधण्यासाठी टेलिटाइप नावाचे यंत्र वापरले जाई. त्याला टंकलेखन यंत्रासारखा कळफलक असे आणि संगणकाचे उत्तर कागदाच्या गुंडाळीवर छापले जाई. टेलिटाइप या नावाचे 'टीटीवाय' हे संक्षिप्त रूप युनिक्समध्ये टर्मिनलसाठी रूढ झाले. पुढे कागदाची जागा पडद्याने घेतली आणि पडद्याची जागा खिडकीत चालणाऱ्या टर्मिनल प्रोग्रामने घेतली, तरी ते संक्षिप्त नाव आजही टिकून आहे.

एका प्रोग्रामचे फलित दुसऱ्या प्रोग्रामला थेट पुरवावे, ही कल्पना डग्लस मॅक्इलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ रोजीच्या एका टिपणात मांडली होती. बागेला पाणी घालताना जशी एका रबरी नळीला दुसरी नळी जोडता येते, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, असा त्या टिपणाचा आशय होता. केन थॉम्पसन यांनी इ.स. १९७३ मध्ये ही सोय युनिक्समध्ये प्रत्यक्षात आणली. तिलाच पाइप म्हणतात. दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ दिली असता डावीकडील आज्ञेचे फलित उजवीकडील आज्ञेला आदान म्हणून मिळते.

या रचनेत एक गृहीतक दडलेले आहे. जोडलेले प्रोग्राम शांतपणे माहिती घेतील, तिच्यावर काम करतील आणि पुढे देतील, असे पाइपच्या कल्पनेत अपेक्षित आहे. मधल्या प्रोग्रामला माणसाशी बोलावयाचे असेल तर काय करावे, याचे उत्तर पाइपमध्ये नाही. ते टर्मिनलच्या व्यवस्थेत शोधावे लागते.

प्रमाण प्रवाह

युनिक्समधील प्रत्येक प्रक्रियेला सुरुवातीलाच तीन प्रवाह उघडून मिळतात. प्रणाली त्यांना क्रमांकाने ओळखते. या क्रमांकास फाइल डिस्क्रिप्टर असे म्हणतात.

क्रमांक ० : प्रमाण आदान, म्हणजे स्टँडर्ड इनपुट. प्रक्रिया येथून माहिती वाचते.
क्रमांक १ : प्रमाण प्रदान, म्हणजे स्टँडर्ड आउटपुट. प्रक्रिया येथे फलित लिहिते.
क्रमांक २ : प्रमाण त्रुटी, म्हणजे स्टँडर्ड एरर. चुकांविषयीच्या व इतर सूचना येथे लिहिल्या जातात.

टर्मिनलमध्ये एखादी आज्ञा साधेपणाने चालवली, तर हे तिन्ही प्रवाह त्या टर्मिनलशीच जोडलेले असतात. म्हणून नवशिक्या लेखकाचा असा समज होतो की, प्रमाण आदान म्हणजेच कळफलक. हा समज चुकीचा आहे. प्रमाण आदान ही केवळ एक जागा आहे. तेथे कळफलक, फाइल किंवा पाइप यांपैकी काहीही जोडलेले असू शकते. काय जोडावयाचे हे स्क्रिप्ट ठरवत नाही, स्क्रिप्ट चालवणारा ठरवतो.

तिसरा प्रवाह पहिल्या दोहोंनंतर आला. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत अक्षरजुळणीच्या यंत्राकडे मजकूर पाठवला जात असताना चुकांच्या सूचना टर्मिनलवर दिसण्याऐवजी त्या मजकुरातच जुळल्या जात आणि काम वाया जाई. त्यानंतर सूचनांसाठी स्वतंत्र प्रवाह देण्यात आला. माणसासाठी असलेला मजकूर आणि पुढील प्रोग्रामसाठी असलेली माहिती यांची सरमिसळ होऊ नये, हे त्यामागील तत्त्व होय. पृच्छेच्या प्रश्नातही हेच तत्त्व लागू पडते. फरक इतकाच की, येथे सरमिसळ फलितात न होता आदानात होते.

अडचणीचे स्वरूप

समजा, एका फोल्डरमध्ये सहा फाइली आहेत आणि त्यांची नावे एका यादीत पुढील क्रमाने, एका ओळीत एक याप्रमाणे लिहिलेली आहेत: अहवाल, हजेरी, गुणपत्रक, नकाशा, पत्रे, हिशेब. ही यादी 'कॅट' आज्ञेने छापून पाइपद्वारे एका स्क्रिप्टला दिली आहे. प्रत्येक फाइल पुसण्यापूर्वी वापरकर्त्याची संमती घ्यावी, असा स्क्रिप्टच्या लेखकाचा हेतू आहे. त्याने पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

१. प्रमाण आदानातून एक ओळ वाचावी आणि ती फाइलचे नाव समजावी.
२. ती फाइल पुसून टाकू का, असे पडद्यावर विचारावे.
३. प्रमाण आदानातून एक ओळ वाचावी आणि ती वापरकर्त्याचे उत्तर समजावी.
४. उत्तराचे पहिले अक्षर 'ह' असल्यास 'हो' समजून फाइल पुसावी. अन्यथा ती तशीच ठेवावी.
५. यादी संपेपर्यंत पुन्हा पहिल्या पायरीकडे जावे.

वरवर पाहता या पायऱ्यांत चूक दिसत नाही. मात्र पहिली आणि तिसरी पायरी एकाच ठिकाणाहून वाचतात. स्क्रिप्ट सुरू होताच 'अहवाल' हे नाव वाचले जाते आणि प्रश्न छापला जातो. उत्तर म्हणून यादीतील पुढील ओळ, म्हणजे 'हजेरी', वाचली जाते. तिचे पहिले अक्षर 'ह' असल्याने 'अहवाल' ही फाइल पुसली जाते. त्यानंतर 'गुणपत्रक' हे नाव वाचले जाते आणि उत्तर म्हणून 'नकाशा' मिळते. म्हणून 'गुणपत्रक' वाचते. शेवटी 'पत्रे' हे नाव वाचले जाते, उत्तर म्हणून 'हिशेब' मिळते आणि 'पत्रे' ही फाइलही पुसली जाते.

सहा फाइलींपैकी दोन नष्ट झाल्या, एक योगायोगाने वाचली आणि उरलेल्या तिघींविषयी प्रश्नच विचारला गेला नाही. पडद्यावर तीन प्रश्न एकामागून एक झरझर उमटले आणि स्क्रिप्ट संपली. वापरकर्त्याने एकही कळ दाबलेली नाही. शिवाय कोणतीही चूक नोंदवली गेली नाही, कारण प्रणालीच्या दृष्टीने सर्व काही नियमानुसार घडले.

यादीतील नावांची संख्या विषम असती, तर शेवटच्या प्रश्नाच्या वेळी आदान संपलेले असते. अशा वेळी शेलची 'रीड' ही वाचनाची आज्ञा अपयश कळवते आणि उत्तर रिकामे राहते. रिकामे उत्तर म्हणजे 'हो' असे स्क्रिप्टने ठरवले असेल, तर शेवटची फाइलही पुसली जाईल. म्हणून घातक कृतीच्या बाबतीत रिकाम्या उत्तराचा अर्थ नेहमी 'नाही' असाच धरावा आणि 'रीड' आज्ञेचे यशापयश तपासावे, असा संकेत आहे. केवळ पहिले अक्षर न पाहता 'हो' हा संपूर्ण शब्द तपासणे अधिक सुरक्षित असते. तरीही ही केवळ जास्तीची खबरदारी होय. उत्तर चुकीच्या ठिकाणाहून वाचले जाते, हा मूळ दोष तिने दूर होत नाही.

अप्रत्यक्ष स्वरूप

हाच दोष पृच्छा न लिहिताही उद्भवू शकतो, कारण स्क्रिप्टने चालवलेल्या प्रत्येक आज्ञेला स्क्रिप्टचेच प्रमाण आदान वारशाने मिळते. सर्व्हरांच्या नावांची यादी ओळीओळीने वाचून प्रत्येक सर्व्हरवर 'एसएसएच' द्वारे एखादी आज्ञा चालवणारी स्क्रिप्ट हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. 'एसएसएच' आपले प्रमाण आदान दूरच्या संगणकाकडे पोहोचवण्यासाठी वाचते आणि त्या ओघात यादीतील उरलेली सर्व नावे गिळून टाकते. परिणामी पहिल्या सर्व्हरवर काम होऊन स्क्रिप्ट थांबते आणि लेखकाला त्याचे कारण उमगत नाही. 'एसएसएच'ला '-एन' हा पर्याय दिल्यास किंवा तिचे आदान '/डेव्ह/नल' या रिकाम्या फाइलशी जोडल्यास हा दोष दूर होतो. यादी वाचणाऱ्या आवर्तनात 'आरएम' ही पुसण्याची आज्ञा '-आय' पर्यायासह वापरली, तर तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही यादीतूनच घेतली जातात.

नियंत्रक टर्मिनल

युनिक्समध्ये प्रक्रियांचे गट आणि गटांची सत्रे असतात. वापरकर्ता टर्मिनल उघडतो तेव्हा सामान्यतः एक नवे सत्र सुरू होते आणि ते टर्मिनल त्या सत्राचे नियंत्रक टर्मिनल ठरते. एका सत्राला जास्तीत जास्त एकच नियंत्रक टर्मिनल असते. कंट्रोल आणि 'सी' या कळा एकत्र दाबल्यावर चालू प्रोग्राम थांबतो, तो याच नात्यामुळे.

नियंत्रक टर्मिनल हे प्रमाण प्रवाहांपासून स्वतंत्र असते. एखाद्या प्रक्रियेचे तिन्ही प्रवाह पाइप किंवा फाइलींकडे वळवले, तरी तिचे सत्र आणि त्या सत्राचे नियंत्रक टर्मिनल बदलत नाही. या टर्मिनलपर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणजे '/डेव्ह/टीटीवाय' ही फाइल. ती डिस्कवर साठवलेली फाइल नसून उपकरणाचे प्रतिनिधित्व करणारी विशेष फाइल आहे. जी प्रक्रिया ती उघडते, त्या प्रक्रियेच्या नियंत्रक टर्मिनलशी ती जोडली जाते. दोन वापरकर्त्यांनी एकाच वेळी हेच नाव उघडले, तरी प्रत्येकाला स्वतःचे टर्मिनल मिळते. पॉसिक्स या मानकाने प्रत्येक प्रणालीत असलीच पाहिजे अशा मोजक्या फाइलींत हिचा समावेश केला आहे.

लिनक्समध्ये '/डेव्ह/टीटीवाय१', '/डेव्ह/टीटीवाय२' अशीही नावे आढळतात. ती विशिष्ट आभासी कन्सोलांची नावे असून त्यांचा येथे संबंध नाही. तसेच 'टीटीवाय' नावाची एक आज्ञाही आहे. ती टर्मिनलचे नाव सांगते, परंतु त्यासाठी ती प्रमाण आदान तपासते. पाइप जोडलेल्या स्क्रिप्टमध्ये ती 'टर्मिनल नाही' असेच उत्तर देते. म्हणून या कामी तिचा उपयोग होत नाही.

प्रचलित पद्धती

उत्तर टर्मिनलमधून वाचणे

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे वर दिलेल्या उदाहरणातील तिसरी पायरी बदलणे. तेथे 'रीड' आज्ञेचे आदान केवळ त्या एका वाचनापुरते '/डेव्ह/टीटीवाय'कडे वळवले जाते. शेलमध्ये यासाठी आज्ञेपुढे '<' हे चिन्ह आणि त्यापुढे फाइलचे नाव लिहितात. पहिली पायरी पूर्ववत पाइपमधून वाचत राहते. याद्या आणि उत्तरे यांचे मार्ग वेगळे झाल्यामुळे सहाही फाइलींविषयी प्रश्न विचारला जातो आणि प्रत्येक वेळी स्क्रिप्ट वापरकर्त्याची वाट पाहते.

माहितीसाठी वेगळा क्रमांक वापरणे

यादी पाइपमधून न येता फाइलमध्ये असेल, तर ती फाइल क्रमांक ३ वर उघडता येते. आवर्तनाचे वाचन क्रमांक ३ मधून केले जाते आणि क्रमांक ० मोकळा राहून टर्मिनलशी जोडलेला राहतो. या पद्धतीचा लाभ असा की, आवर्तनात चालवलेल्या इतर आज्ञांनाही यादी गिळता येत नाही. पाइप वापरणे अपरिहार्य असेल, तर स्क्रिप्टच्या आरंभीच पाइपला क्रमांक ३ द्यावा आणि क्रमांक ० ला '/डेव्ह/टीटीवाय' जोडावे. 'एक्झेक' या आज्ञेने ही अदलाबदल एका ओळीत करता येते. त्यानंतरच्या सर्व पृच्छा नेहमीप्रमाणे लिहिता येतात.

माहिती आधी संपूर्ण वाचणे

माहिती थोडी असेल तर ती प्रथम संपूर्ण वाचून एखाद्या सूचीत किंवा तात्पुरत्या फाइलीत साठवावी आणि मगच प्रश्न विचारावेत. यामुळे सर्व नावे एकदम दाखवून एकच संमती घेणेही शक्य होते. मात्र उत्तरे तरीही टर्मिनलमधूनच वाचावी लागतात, कारण संपलेला पाइप पुन्हा कळफलक होत नाही.

प्रश्न कोठे छापावा

उत्तराइतकेच प्रश्नाचे स्थान महत्त्वाचे असते. स्क्रिप्टचे फलितही पुढे पाइपने दिले जात असेल आणि प्रश्न प्रमाण प्रदानावर छापला, तर तो पडद्यावर न दिसता पुढील प्रोग्रामच्या माहितीत मिसळतो. वापरकर्त्यापुढे काहीच दिसत नाही, स्क्रिप्ट मात्र उत्तराची वाट पाहत थांबलेली असते. म्हणून प्रश्न प्रमाण त्रुटीवर किंवा थेट '/डेव्ह/टीटीवाय'वर छापावा.

बॅश या शेलमध्ये 'रीड' आज्ञेला '-पी' हा पर्याय देऊन प्रश्न सोबतच लिहिता येतो. तो प्रमाण त्रुटीवर छापला जातो. परंतु आदान टर्मिनलमधून येत असेल तरच छापला जातो. पाइपमधून वाचताना तो छापला जात नाही. त्यामुळे आरंभी सांगितलेली चूक या पर्यायासह केल्यास पडद्यावर प्रश्नही दिसत नाहीत आणि फाइली नाहीशा होतात.

परिचित प्रोग्रामांचे वर्तन

अनेक जुन्या प्रोग्रामांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे.

लेस : हा मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम होय. मजकूर पाइपमधून येत असला, तरी पान उलटण्याच्या कळा तो टर्मिनलमधूनच वाचतो. पाइप आणि कळफलक एकाच वेळी वापरणाऱ्या प्रोग्रामचे हे सर्वांत परिचित उदाहरण आहे.

सुडो : प्रशासकाचे अधिकार देणारी ही आज्ञा परवलीचा शब्द टर्मिनलमधून मागते. तो प्रमाण आदानातून घ्यावयाचा असल्यास '-एस' हा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो.

एक्सआर्ग्ज : ही आज्ञा प्रमाण आदानातील नावे घेऊन त्यांवर दुसरी आज्ञा चालवते. '-पी' पर्याय दिल्यास प्रत्येक वेळी ती संमती मागते आणि उत्तर '/डेव्ह/टीटीवाय'मधून वाचते.

आरएम : लेखनास मनाई असलेली फाइल पुसताना ही आज्ञा एरवी संमती मागते, परंतु प्रमाण आदान टर्मिनलशी जोडलेले असेल तरच मागते. पाइपमधील यादीवर 'एक्सआर्ग्ज'च्या मदतीने 'आरएम' चालवल्यास हा प्रश्न विचारला जात नाही आणि संरक्षित वाटणारी फाइलही पुसली जाऊ शकते. सवयीच्या प्रश्नावर विसंबून राहणाऱ्या वापरकर्त्याने हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

गिट : या प्रणालीत माहिती दूरच्या भांडारात पाठवण्यापूर्वी 'प्री-पुश' ही स्क्रिप्ट आपोआप चालवता येते. पाठवल्या जाणाऱ्या शाखांची यादी तिला प्रमाण आदानातून मिळते. त्यामुळे 'मुख्य शाखेवर खरोखर पाठवावयाचे आहे का?' असे विचारणाऱ्या स्क्रिप्टला उत्तर '/डेव्ह/टीटीवाय'मधून वाचावे लागते.

स्क्रिप्टच पाइपमधून येणे

कधी कधी माहिती नव्हे, तर स्क्रिप्टच पाइपमधून येते. एखादे सॉफ्टवेअर बसवण्यासाठी 'कर्ल' आज्ञेने संकेतस्थळावरील स्क्रिप्ट उतरवून ती थेट शेलला पाइपने देण्याची रीत प्रचलित आहे. येथे शेलचे प्रमाण आदान म्हणजे स्क्रिप्टचा मजकूर असतो. अशा स्क्रिप्टने साधे वाचन केले, तर तिचीच पुढील ओळ वापरकर्त्याचे उत्तर म्हणून उचलली जाऊ शकते आणि ती ओळ आज्ञा म्हणून कधीच चालत नाही.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या 'रस्टअप' या स्थापकाने यावर वरीलच उपाय योजला आहे. आरंभीची स्क्रिप्ट प्रत्यक्ष स्थापक उतरवते आणि आपले आदान टर्मिनल नसल्याचे आढळल्यास तो '/डेव्ह/टीटीवाय' जोडून चालवते. सर्व प्रश्नांची ठरावीक उत्तरे मान्य असल्यास '-वाय' हा पर्याय देऊन प्रश्न टाळता येतात. अनोळखी स्क्रिप्ट अशा रीतीने न वाचता चालवणे धोक्याचे असते. ती आधी फाइलमध्ये साठवून, वाचून, मग चालवणे श्रेयस्कर होय. तसे केल्यास प्रमाण आदानही मोकळे राहते.

टर्मिनल नसताना

प्रत्येक प्रक्रियेला नियंत्रक टर्मिनल असतेच असे नाही. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या 'क्रॉन'ने सुरू केलेल्या प्रक्रियांना ते नसते. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांना ते नसते. 'एसएसएच'द्वारे दूरच्या संगणकावर एखादी आज्ञा थेट चालवली असता, '-टी' पर्याय दिल्याखेरीज, तेथेही ते नसते. अशा परिस्थितीत '/डेव्ह/टीटीवाय' उघडण्याचा प्रयत्न अयशस्वी होतो.

टर्मिनल आहे की नाही हे तपासण्याच्या दोन कसोट्यांत अनेकदा गल्लत होते. शेलमधील 'टेस्ट -टी ०' ही कसोटी आणि सी भाषेतील 'इझ-ए-टीटीवाय' हे फलन प्रमाण आदान टर्मिनलशी जोडलेले आहे का, एवढेच सांगते. पाइप जोडलेला असताना याचे उत्तर 'नाही' असे येते. परंतु त्यावरून वापरकर्ता टर्मिनलसमोर बसलेला नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. दुसरीकडे, '/डेव्ह/टीटीवाय' वाचण्याची परवानगी आहे का, ही कसोटीही फसवी ठरते. ती फाइल सर्वांना वाचनीय असते. टर्मिनल नसतानाही परवानगी असल्याचेच दिसते आणि उघडताना मात्र अपयश येते. म्हणून ती एकदा प्रत्यक्ष उघडून पाहणे हीच खात्रीची कसोटी होय. ही तपासणी स्वतंत्र उपशेलमध्ये केल्यास अपयश आले तरी मुख्य स्क्रिप्ट मध्येच बंद पडत नाही.

टर्मिनल असूनही स्क्रिप्ट पार्श्वभूमीवर चालत असेल, तर टर्मिनलमधून वाचण्याचा प्रयत्न करताच प्रणाली तिला 'सिग-टीटी-इन' हा संकेत पाठवते आणि ती स्थगित होते. वापरकर्त्याने तिला पुढे आणल्यावर ती पुन्हा चालू लागते. एकाच कळफलकावरील अक्षरांसाठी दोन प्रोग्रामांत ओढाताण होऊ नये, म्हणून ही योजना आहे.

टर्मिनल उपलब्ध नसल्यास स्क्रिप्टने काय करावे, हे लेखकाने आधीच ठरवावे लागते. सर्वसाधारण संकेत असा आहे की, घातक कृती करू नये, प्रमाण त्रुटीवर स्पष्ट सूचना छापावी आणि शून्येतर निर्गमांक देऊन थांबावे. शून्य निर्गमांक म्हणजे यश आणि इतर कोणताही म्हणजे अपयश असा युनिक्सचा नियम असल्याने, स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला काम झालेले नाही हे कळते. ज्यांना प्रश्नाविना काम करावयाचे आहे, त्यांच्यासाठी संमती आधीच देण्याचा पर्याय ठेवावा. डेबियन प्रणालीतील 'एपीटी-गेट' आज्ञेचा '-वाय' हा पर्याय याच प्रकारचा आहे.

इतर भाषा व प्रणाली

पायथॉन भाषेत 'इनपुट' हे फलन प्रमाण आदानातून वाचते आणि पाइप संपल्यावर 'ईओएफ-एरर' हा अपवाद निर्माण करते. टर्मिनलमधून वाचण्यासाठी '/डेव्ह/टीटीवाय' उघडावी लागते. ती वाचन आणि लेखन यांसाठी एकत्र उघडण्याचा नेहमीचा प्रयत्न तेथे फसतो, कारण टर्मिनलमध्ये मागे-पुढे जाता येत नाही. म्हणून ती दोन वेळा, स्वतंत्रपणे उघडतात. परवलीचा शब्द विचारणारे 'गेटपास' हे मॉड्यूल युनिक्सवर हे काम स्वतःच करते. सी भाषेत नियंत्रक टर्मिनलचे नाव 'सी-टर्म-आयडी' या फलनाकडून मिळवता येते.

विंडोज प्रणालीत '/डेव्ह/टीटीवाय' नाही. तेथे कन्सोलचे आदान 'कॉनइन$' आणि प्रदान 'कॉनआउट$' या नावांनी उघडता येते. प्रमाण प्रवाह अन्यत्र वळवलेले असले, तरी ही नावे कन्सोलशीच जोडली जातात.

संमती आणि सुरक्षितता

युनिक्समध्ये 'येस' नावाची एक लहान आज्ञा आहे. ती थांबवेपर्यंत 'वाय' हे अक्षर ओळीओळीने छापत राहते. प्रमाण आदानातून संमती वाचणाऱ्या आज्ञेला ती पाइपने जोडली की सर्व प्रश्नांना होकार मिळतो. संमती '/डेव्ह/टीटीवाय'मधून वाचणाऱ्या आज्ञेवर हा उपाय चालत नाही. त्यामुळे कोणत्या ठिकाणाहून वाचावे, हा निर्णय घेताना लेखक प्रत्यक्षात हेही ठरवत असतो की, होकार यंत्राने दिलेला चालेल की माणसानेच द्यावयास हवा.

तरीही '/डेव्ह/टीटीवाय'मधून आलेले उत्तर माणसाचेच आहे, अशी हमी देता येत नाही. प्रणालीत आभासी टर्मिनल निर्माण करता येते आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला प्रोग्राम बसवता येतो. इ.स. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेला 'एक्स्पेक्ट' हा प्रोग्राम याच तत्त्वावर चालतो. तो प्रश्नाची वाट पाहतो आणि ठरवून दिलेले उत्तर टंकतो. म्हणून टर्मिनलमधून घेतलेली संमती अनवधानापासून संरक्षण देते. हेतुपुरस्सर केलेल्या कृतीपासून नव्हे.

आणखी एक दक्षता प्रश्नाच्या वेळेविषयी आहे. वापरकर्त्याने प्रश्न दिसण्यापूर्वीच दाबलेल्या कळा टर्मिनल साठवून ठेवते आणि पुढील वाचनाला त्या मिळतात. कंटाळून एंटर कळ दोन-तीनदा दाबलेली असेल, तर पुढील प्रश्नाला आपोआप रिकामे उत्तर जाते. परवलीचा शब्द विचारणारे प्रोग्राम यासाठी आधी साठलेली अक्षरे टाकून देतात. घातक कृतीपूर्वी साधे 'हो' न मागता फाइलचे किंवा फोल्डरचे पूर्ण नाव टंकावयास लावणे, हाही एक प्रचलित उपाय आहे. आधी दाबलेली एंटर कळ किंवा यादीतील पुढची ओळ त्या नावाशी जुळत नाही आणि फाइल सुरक्षित राहते.